कौटुंबिक पोस्टकार्डे : सामाजिक इतिहासाचे एक उपेक्षित साधन

प्रस्तावना :

मराठी इतिहासलेखनाची उभारणी प्रामुख्याने पत्रांवर झालेली आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे या मालेचे २२ खंड निघाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदपत्रांचे ४५ खंड प्रकाशित झाले. वाड्यांचे माळे, देवघरे आणि अडगळीच्या खोल्या यांतून रुमालात बांधलेली पत्रे शोधून काढणे, त्यांचा मायना, मिती, शिक्का व हस्ताक्षर तपासणे आणि त्यावरून घटनांची संगती लावणे ही आपल्याकडील संशोधनाची एक मान्य परंपरा बनली.

ही परंपरा मात्र साधारणपणे पेशवाईच्या अखेरीपाशी थांबते. त्यानंतरच्या काळात, विशेषतः १८७९ पासून पुढे सुमारे शंभर वर्षे, सामान्य कुटुंबांनी एकमेकांना लिहिलेल्या पोस्टकार्डांकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले गेले. थोर पुरुषांची कार्डे संग्रहालयात गेली, साहित्यिकांची पत्रे ग्रंथरूपाने आली. परंतु घराच्या खुंटीवर टांगलेल्या लोखंडी तारेत ओवलेली कार्डे घर पाडताना किंवा रंगवताना रद्दीत जातात. 'त्यात काय आहे, नुसती खुशाली' असे त्यांच्याबद्दल म्हटले जाते.

प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा असा की, 'नुसती खुशाली' हाच या साधनाचा विशेष आहे. कौटुंबिक कार्डाचे साधनमूल्य त्याच्या मजकुरात जितके आहे त्याहून अधिक ते त्याच्या ठरीव चौकटीत होणाऱ्या बदलांत आणि मजकुरातील मौनात आहे. ही चौकट आणि हे मौन वाचता आले, तर ज्यांच्याविषयी अन्य कोणताही कागद उपलब्ध नाही अशा व्यक्तींच्या, त्यातही स्त्रियांच्या, आयुष्याचा माग काढता येतो.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) पोस्टकार्ड या माध्यमाच्या स्वरूपाचा कौटुंबिक पत्रलेखनावर झालेला परिणाम तपासणे.
२) कार्डांची कालनिश्चिती व वाचन करण्याच्या काही कसोट्या मांडणे.
३) कौटुंबिक कार्डसंग्रहात काय टिकते, काय टिकत नाही आणि त्यामागील कारणे कोणती, यांचा विचार करणे.

या लेखात वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. उदाहरणादाखल प्रस्तुत लेखिकेच्या रत्नागिरी जिल्ह्यातील घरी तारेत राहिलेल्या शंभराहून अधिक कार्डांचा आधार घेतला आहे. ही कार्डे १९२० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंतची आहेत. कार्डांतील व्यक्तींची नावे हेतुपुरस्सर दिलेली नाहीत.

पाव आण्याचे कार्ड :

जगातील पहिले पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले. भारतात ते १ जुलै १८७९ रोजी आले. त्याची किंमत पाव आणा होती. त्यापूर्वी १८५४ सालच्या सुधारणेने अंतराचा विचार न करता देशभर अर्ध्या आण्यात बंद पत्र पाठवण्याची सोय झालेली होती. कार्डाने हा खर्च निम्म्यावर आणला. १८८० च्या आरंभी टपाल खात्याने मनीऑर्डरीचे काम हाती घेतले आणि १८८२ साली टपाल कचेरीतील बचत बँका सुरू झाल्या. अवघ्या तीन वर्षांत गावच्या टपाल कचेरीचे स्वरूप पालटले. निरोप, पैसा व बचत या तिन्ही गोष्टी एकाच खिडकीवर आल्या.

हा काळ महाराष्ट्राच्या दृष्टीने स्थलांतराचा होता. मुंबईतील गिरण्या, गोदी, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांनी कोकण व देशावरील माणसे ओढून घेतली. कुटुंब गावी आणि कमावता पुरुष मुंबईत ही व्यवस्था अनेक पिढ्या टिकली. पाव आण्याचे कार्ड हे या विभागलेल्या कुटुंबाला जोडणारे सर्वांत स्वस्त साधन ठरले. १९२२ साली कार्डाची किंमत पाव आण्यावरून अर्धा आणा झाली आणि बंद पत्राला एक आणा पडू लागला. दर वाढला तरी कार्ड बंद पत्राच्या निम्म्या किमतीतच राहिले आणि सामान्य माणसाची निवडही तीच राहिली.

कार्डाने दोन बंधने घातली. पहिले जागेचे. आरंभीच्या कार्डाच्या एका बाजूवर केवळ पत्ताच लिहावा अशी छापील सूचना असे. म्हणजे मजकुरासाठी हाताच्या तळव्याएवढा कागद उरे. त्यामुळे शब्द आखडले, संक्षेप वाढले आणि अक्षर बारीक झाले. जागा संपली की मजकूर समासातून उभा चढत जाई आणि ताजा कलम पत्त्याच्या कडेला सरके. दुसरे बंधन उघडेपणाचे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

कालनिश्चितीच्या कसोट्या :

अनेक कार्डांवर तारीख नसते, 'श्रावण शु. ५' किंवा 'सोमवार' एवढाच उल्लेख असतो. अशा वेळी पुढील गोष्टी उपयोगी पडतात.

कार्डावरील छापील मुद्रा ही पहिली कसोटी होय. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज व सहावा जॉर्ज या क्रमाने मुद्रा बदलत गेल्या. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या अखेरीस घारापुरीच्या त्रिमूर्तीची मुद्रा असलेले कार्ड निघाले. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली व किंमत नव्या पैशांत छापली जाऊ लागली. मात्र घरात शिल्लक राहिलेली जुनी कार्डेही वापरली जात, म्हणून मुद्रा ही केवळ आधीची मर्यादा सांगते.

दुसरी कसोटी टपालाच्या शिक्क्यांची. रवानगीचा व पोचल्याचा असे दोन्ही शिक्के स्पष्ट असतील तर कार्डाला लागलेले दिवस मोजता येतात. पावसाळ्यात कोकणची बोट बंद असताना हे दिवस वाढतात. आजाराची वार्ता पोचेपर्यंत आजारी माणसाचे काय झाले असेल, हा प्रश्न हे दोन शिक्के शेजारी ठेवल्यावर प्रथम जाणवतो.

तिसरी कसोटी पत्त्याची. पिनकोड ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी तसेच संस्कृत कवी होते. सहा चौकोनांत अंक लिहिलेले कार्ड त्यामुळे १९७२ नंतरचे ठरते. जिल्ह्यांची नावेही अशीच उपयोगी पडतात. 'जि. कुलाबा' असा पत्ता साधारणतः १९८१ पूर्वीचा, कारण त्या वर्षी कुलाब्याचा रायगड झाला. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला.

चौथी कसोटी लिपी व शुद्धलेखनाची. जुन्या पिढीतील अनेकांची, विशेषतः व्यापारी घरांतील, कार्डे मोडी लिपीत आहेत. 'नाहीं', 'घरांत', 'कीं' अशी अनुच्चारित अनुस्वारांची लेखनपद्धती १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी बाद केली. परंतु शाळेत जुने लेखन शिकलेली माणसे अखेरपर्यंत तसेच लिहीत राहिली. म्हणून अनुस्वार कार्डाच्या काळापेक्षा लेखकाच्या शालेय वयाची साक्ष अधिक देतात, हे लक्षात ठेवावे लागते.

उघडे पत्र आणि त्याचे वाचक :

कार्डाला पाकीट नसते. टपाल कचेरीतील कारकून, पोस्टमन, वाटेतील दुकानदार व शेजारी यांपैकी कोणीही ते वाचू शके. गावची शाखा टपाल कचेरी बहुधा शाळामास्तरांकडे असे. ज्या घरात वाचणारे कोणी नाही, तेथे मास्तर किंवा पोस्टमन स्वतःच कार्ड वाचून दाखवी आणि पुष्कळदा उत्तरही लिहून देई. घरात साक्षर माणूस असला तरी कार्ड ओटीवर मोठ्याने वाचले जाई. सारांश, कार्ड एका व्यक्तीच्या नावे येई, परंतु ते ऐकत सर्व घर.

लिहिणाऱ्यालाही याची पूर्ण जाणीव असे. त्यामुळे कौटुंबिक कार्ड हे आजच्या अर्थाने खाजगी पत्र नव्हे. ते सर्वांसमक्ष बोललेले वाक्य आहे. भावकीतील तंटा, कर्ज, हुंड्याचा उरलेला भाग, सुनेची तक्रार, नोकरी सुटल्याची गोष्ट या बाबी कार्डावर येत नाहीत. त्यांच्या जागी 'बाकी समक्ष भेटीअंती' हे तीन शब्द येतात. जेथे हे शब्द एरवी नाहीत आणि एका विशिष्ट वर्षी सलग चार-पाच कार्डांवर आढळतात, तेथे त्या वर्षी घरात काही तरी घडत होते असे समजण्यास जागा असते. जमिनीच्या फेरफाराची नोंद, न्यायालयाचा कागद किंवा वडीलधाऱ्यांची आठवण यांच्याशी ताडून पाहिले असता पुष्कळदा त्याचा उलगडा होतो.

गरोदरपणासारख्या गोष्टीही सूचकतेने लिहिल्या जात. 'सौ.ची प्रकृती हल्ली नाजूक असते, तरी चिंतेचे कारण नाही' या वाक्याचा अर्थ ऐकणाऱ्या बायकांना तत्काळ कळे. पाच-सहा महिन्यांनंतरच्या कार्डात 'सुखरूप सुटका झाली' असे असेल तर अर्थ निश्चित होतो. ते वाक्य आलेच नाही आणि नंतरच्या कार्डात केवळ 'सौ.ची प्रकृती आता सुधारत आहे' असे असेल, तर त्या कुटुंबातील एका न लिहिलेल्या दुःखाची ती नोंद असण्याचा संभव असतो.

लेखनावर पाळत असण्याचा हा अनुभव युद्धकाळात अधिक तीव्र झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील हिंदी सैनिकांची पत्रे टपाल-परीक्षकांकडून तपासली जात व त्यांतील उतारे भाषांतरित करून अहवाल तयार होत. हे अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतील निवडक पत्रे डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. येथे एक विपर्यास दिसतो. सैनिकांच्या पत्रांतील उतारे सरकारच्या संशयामुळे टिकले. कुटुंबाच्या विश्वासावर सोपवलेली मूळ पत्रे बहुतांशी नाहीशी झाली.

मायन्याचे व्याकरण :

मराठी पत्राचा आरंभ 'श्री' या अक्षराने होतो. त्यानंतर मायना येतो. वडीलधाऱ्यांस 'तीर्थरूप' आणि 'शिरसाष्टांग नमस्कार', बरोबरीच्यांस 'सा. न. वि. वि.', लहानांस 'चि.' व 'अनेक उत्तम आशीर्वाद', परक्या गृहस्थास 'रा. रा.', विद्वान ब्राह्मणास 'वे. शा. सं.' अशी ही व्यवस्था होती. लग्न ठरलेली मुलगी 'चि. सौ. कां.', विवाहिता 'सौ.' आणि विधवा 'गं. भा.' म्हणजे गंगाभागीरथी. पुरुषाच्या नावामागील उपाधी त्याचे वय, नाते किंवा विद्वत्ता दर्शविते. स्त्रीच्या नावामागील उपाधी मात्र तिच्या नवऱ्याची स्थिती दर्शविते. तो व्हायचा आहे, आहे, की नाही, एवढेच तीत सांगितले जाते.

समाजशास्त्रीय दृष्टीने हा भेद सर्वपरिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकासाठी त्याचा निराळा उपयोग आहे. हे मायने सवयीने, विचार न करता लिहिले जात, म्हणूनच त्यांतील बदल हा प्रयत्नपूर्वक केलेल्या निवेदनापेक्षा अधिक विश्वसनीय पुरावा ठरतो. कार्ड लिहिणारा भावना लपवू शकतो, उपाधी लपवू शकत नाही. 'रा. रा.' जाऊन 'श्री.' येणे, 'गं. भा.'च्या ठिकाणी 'श्रीमती' येणे, मुलाने वडिलांना 'तीर्थरूप'ऐवजी 'प्रिय' लिहिणे या प्रत्येक बदलाला घराघरातून वेगवेगळे वर्ष आहे. ते वर्ष सार्वजनिक इतिहासात सापडत नाही, तारेत सापडते.

पत्र कोणाच्या नावे लिहिले जाते, हाही याच व्याकरणाचा भाग आहे. लेकीला माहेरी आणायचे असेल तर बाप लेकीला कार्ड लिहीत नाही, व्याह्यांना लिहितो. भाषा अत्यंत नम्र असते. मुराळी केव्हा पाठवू, अशी विचारणा असते. लेकीचा उल्लेख अखेरच्या ओळीत आशीर्वादापुरता येतो. सासरे ते कार्ड ओटीवर वाचतात आणि माजघरातील मुलगी आपल्या वडिलांचे शब्द सासऱ्यांच्या आवाजात ऐकते. या कार्डाची खरी वाचक ती असते, पण पत्त्यावर तिचे नाव नसते.

एका आत्याचा माग :

वरील विवेचन एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. प्रस्तुत लेखिकेच्या आजोबांना एक धाकटी बहीण होती. घरात सर्व जण त्यांना आत्या म्हणत. घराच्या वंशावळीत त्यांचे नाव नाही, कारण वंशावळ पुरुषांची आहे. त्यांच्या पूर्वायुष्याविषयी घरात बोलले जात नसे. तारेतील कार्डांवरून मात्र पुढील क्रम लागतो.

१९३६ सालच्या एका कार्डात गिरगावातून थोरला भाऊ वडिलांना एका स्थळाविषयी विचारतो. तेथे ती 'चि.' आहे. १९३८ च्या वैशाखापूर्वीच्या एका कार्डाच्या कोपऱ्यांवर हळदकुंकवाची बोटे आहेत. ते व्याह्यांकडून आले आहे आणि त्यात ती 'चि. सौ. कां.' आहे. त्यानंतर १९४३ पर्यंत व्याह्यांची अकरा कार्डे आहेत. त्यांत पाऊस, भात, भाव, बैल यांविषयी लिहिले आहे. प्रत्येकात अखेरीस 'सौ. सूनबाई खुशाल आहेत' हे वाक्य आहे. दोन निरनिराळ्या वर्षी, दिवाळीच्या सुमारास, घरात माणूस कमी असल्याने यंदा पाठवणे जमणार नाही असे कळवले आहे. त्यावरून माहेरून मुराळी पाठवण्याची विचारणा झाली होती हे कळते, जरी ती विचारणा करणारी कार्डे आपल्यासमोर नाहीत.

त्यानंतरचे कार्ड जानेवारी १९४४ चे आहे. ते दिराच्या हातचे असून त्यात चारच ओळी आहेत. 'गं. भा. वहिनींस पोचवावयास येत आहे' एवढाच त्याचा आशय. मधल्या काळात काय घडले ते कोणत्याही कार्डावर नाही. 'सौ.' आणि 'गं. भा.' यांच्यामध्ये सुमारे तीन महिन्यांचे अंतर आहे आणि एका पुरुषाचा मृत्यू व एका स्त्रीच्या आयुष्याची उलथापालथ त्या अंतरात मावली आहे.

१९४६ साली पुण्याहून एक कार्ड आले. त्यावरील अक्षर यापूर्वीच्या कोणत्याही कार्डावर आढळत नाही. शिसपेन्सिलीने लिहिलेले, मोठे, ओळ चढती. मायना 'तीर्थरूप बाबांस' असा आहे. पत्त्यावरून लिहिणारी सेवासदनात असल्याचे कळते. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या या संस्थेत अनेक विधवा स्त्रियांनी शिक्षण घेऊन शिक्षिकेचा पेशा पत्करला होता. कार्डाच्या अखेरीस केवळ नाव आहे. मागे उपाधी नाही, पुढे नवऱ्याचे वा वडिलांचे नाव नाही. दहा वर्षांच्या कार्डांत जिचा उल्लेख इतरांच्या लेखणीतून झाला, तिने प्रथमच स्वतः लिहिलेले हे वाक्य होय. आणि ते 'मी खुशाल आहे' असे आहे. 'सूनबाई खुशाल आहेत' या वाक्याशेजारी ते ठेवले असता खुशालीच्या ठरीव वाक्यातही कर्ता बदलल्याने केवढा अर्थ बदलतो, हे लक्षात येते.

१९५१ नंतरची त्यांची कार्डे सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून येतात. आता अक्षर शाईचे व सरळ आहे. १९५३ सालच्या एका मनीऑर्डरीचे कुपन तारेत आहे. भावाच्या मुलांच्या पुस्तकांसाठी पैसे पाठवल्याचे त्यावर लिहिले आहे. पैशाची दिशा उलटली होती. माहेरी परत पोचवलेली बहीण आता माहेर चालवण्यास हातभार लावत होती.

खुद्द आत्यांच्या नावे आलेले एकच कार्ड या तारेत आहे, आणि तेही योगायोगाने. मे महिन्याच्या सुटीत त्या माहेरी असताना त्यांच्या गावच्या टपाल कचेरीने पत्ता खोडून ते येथे पाठवले. एका विद्यार्थिनीने परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे कळवले आहे. पत्त्यावर 'श्रीमती', नाव, त्यापुढे 'बाई' आणि खाली 'शिक्षिका' असे लिहिले आहे. 'चि.', 'चि. सौ. कां.', 'सौ.', 'गं. भा.' या उपाधी इतरांशी असलेल्या नात्यावरून मिळाल्या होत्या. 'बाई' ही उपाधी कामावरून मिळाली होती.

या कार्डांवरून आत्यांच्या मनाचा थांग लागतो असा दावा करता येणार नाही. शिकण्याचा निर्णय त्यांचा की वडिलांचा, तो सहज झाला की झगडून, हे कार्ड सांगत नाही. तथापि एका स्त्रीच्या आयुष्याचा आराखडा, त्यातील वळणांची वर्षे आणि त्या वळणांवर घरातील माणसांनी वापरलेले शब्द एवढे तरी निश्चितपणे हाती येते. सातबारा, वंशावळ किंवा मृत्युपत्र यांपैकी कोणत्याही कागदाने हे दिले नसते.

जी कार्डे टिकत नाहीत :

कोणत्याही दप्तराचा अभ्यास करताना त्यात काय नाही हे पाहणे आवश्यक असते. कौटुंबिक कार्डांच्या बाबतीत ही अनुपस्थिती बऱ्याच अंशी रूढीने घडवलेली आहे.

मृत्यूची वार्ता देणाऱ्या कार्डावर 'श्री' लिहीत नसत. त्याचा कोपरा फाडलेला असे, जेणेकरून हाती घेताच आशय कळावा. असे कार्ड घरात ठेवणे अशुभ मानले जाई. वाचून ते तत्काळ फाडून टाकत. परिणामी तारेत जन्म आहेत, मुंजी आहेत, लग्ने आहेत, मृत्यू नाहीत. मृत्यू शोधायचा तो उपाधीतील बदलावरून किंवा 'सर्व मंडळींस नमस्कार' या ओळीतून एखादे नाव गळाल्यावरून. १८९६ पासूनचा प्लेग किंवा १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांसारख्या साथींचा विचार करताना ही मर्यादा विशेष महत्त्वाची ठरते. ज्या वर्षी सर्वाधिक कार्डे आली असतील, त्या वर्षाची सर्वांत कमी कार्डे शिल्लक असण्याचा संभव आहे.

दुसरे असे की, तार ही घरातील कर्त्या पुरुषाच्या नावे आलेल्या कार्डांची असे. स्त्रियांना आलेली कार्डे पेटीत, गादीखाली किंवा पोथीत राहत आणि त्यांच्या मागे त्यांच्या लुगड्यांबरोबर वाटली किंवा टाकली जात. शिवाय लेकीने लिहिलेली कार्डे माहेरी आणि तिला आलेली कार्डे सासरी असल्याने पत्रव्यवहाराच्या दोन बाजू दोन घरांत विभागल्या गेल्या. एकाच घरची तार वाचणे म्हणजे संभाषणाची एकच बाजू ऐकणे होय.

तिसरी अनुपस्थिती जातीची व वर्गाची आहे. तार असलेले घर म्हणजे किमान एक साक्षर पिढी, पक्के छप्पर आणि वस्तू सांभाळण्यास जागा असलेले घर. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून अथवा भूमिहीन कुटुंबांतून कार्डे येत नव्हती असे नाही. गिरणीत, गोदीत व पलटणीत गेलेल्या माणसांनी ती लिहिली, लिहवून घेतली. परंतु ती वाचण्यासाठी इतरांच्या दारी जावे लागे आणि ती टिकण्यास अनुकूल स्थिती नव्हती. अशा कुटुंबांच्या बाबतीत मनीऑर्डरीची पोच हा कागद फार मोलाचा आहे. पैसे मिळाल्यावर घेणाऱ्याच्या सही-अंगठ्यासह ही पोच पाठवणाऱ्याकडे परत जात असे. परळ-लालबागच्या खोलीत ट्रंकेच्या तळाशी राहिलेल्या या पोचांवर गावी असलेल्या आईचा किंवा पत्नीचा अंगठा असतो. अनेक स्त्रियांच्या हातून उमटलेला तेवढाच लेख आज उरला आहे. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक कुटुंबांनी मुंबईतील खोल्या सोडल्या आणि त्याबरोबर या ट्रंकाही गेल्या.

आपत्तींनीही आपला वाटा उचलला. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची अनेक घरे जाळली गेली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. घर गेले तेथे कागदही गेले. अशा घरांचा इतिहास त्यांच्या नातेवाइकांकडे गेलेल्या कार्डांतूनच शोधावा लागेल. ज्या घरी आपत्ती आली नाही, तेथील तारेत 'आम्ही सर्व सुखरूप आहोत' हे कार्ड असू शकते. आणि एरवी निरर्थक वाटणारे खुशालीचे वाक्य तेथे संपूर्ण अर्थाने वाचावे लागते.

जतनाचा प्रश्न :

टेलिफोनच्या प्रसाराने आणि नंतर मोबाईलने कौटुंबिक कार्डाची परंपरा जवळपास संपुष्टात आली. १५ जुलै २०१३ पासून तारसेवाही बंद झाली. कार्डे लिहिणारी पिढी बव्हंशी गेली आहे. ती ऐकणारी, त्यांतील टोपणनावे ओळखणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. 'बापू', 'माई', 'नाना', 'जिजी' ही माणसे नेमकी कोण, हे सांगणारे गेले की कार्डे उरूनही मुकी होतील. मोडीतील कार्डांची अवस्था तर आजच तशी आहे.

या कामी महाविद्यालयांचे इतिहास व मराठी विभाग बरेच काही करू शकतात. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील कार्डे महाविद्यालयात आणून जमा करावीत अशी अपेक्षा नाही. मूळ कार्डे घरीच राहावीत. परंतु तारेतून काढण्यापूर्वी त्यांचा क्रम नोंदवावा, कारण तारेत सर्वांत खाली सर्वांत जुने कार्ड असते आणि हा क्रम तारीख नसलेल्या कार्डांचा एकमेव आधार असतो. कार्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. पत्ता व शिक्के यांना मजकुराइतकेच महत्त्व द्यावे. कार्ड घरातील ज्येष्ठांना वाचून दाखवावे आणि त्यांचे स्पष्टीकरण त्याच वेळी टिपावे. हयात व्यक्तींशी संबंधित मजकूर कुटुंबाच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नये. जे कार्ड शेजाऱ्यांच्या कानांचा विचार करून लिहिले गेले, ते आपण वाचताना लिहिणाऱ्याचा संकोच विसरणे योग्य होणार नाही.

निष्कर्ष :

१) पोस्टकार्डाची स्वस्ताई, अपुरी जागा व उघडेपणा या तीन गुणधर्मांनी मराठी कौटुंबिक पत्राची भाषा घडवली. त्यामुळे कार्ड हे खाजगी मनाचे नव्हे, तर कुटुंबाने सर्वांसमक्ष बोलण्यास योग्य मानलेल्या गोष्टींचे साधन आहे.

२) ठरीव मायने, उपाधी व खुशालीची वाक्ये ही निरर्थक नाहीत. एकेकटे कार्ड फारसे बोलत नाही. क्रमाने लावलेल्या कार्डांत या चौकटी कोठे व केव्हा बदलतात, ते पाहिल्यास आयुष्यातील वळणे निश्चित करता येतात.

३) कार्डसंग्रहातील उणिवा अपघाती नाहीत. मृत्यूची कार्डे रूढीने, स्त्रियांची कार्डे घराच्या रचनेने आणि श्रमिकांची कार्डे दारिद्र्याने नष्ट झाली. या उणिवांची नोंद घेतल्याखेरीज अशा संग्रहावरून सर्वसाधारण विधान करणे धोक्याचे आहे.

४) वंशावळ, महसुली कागद व सार्वजनिक दप्तरे यांत न सापडणाऱ्या स्त्रियांचा माग कौटुंबिक कार्डे व मनीऑर्डरीचे कागद यांतून काढणे शक्य आहे.

राजवाड्यांच्या पिढीने घरोघरी जाऊन रुमाल सोडवले नसते, तर अठराव्या शतकाचा मोठा भाग आपल्याला अज्ञात राहिला असता. विसाव्या शतकातील सामान्य माणसाचे दप्तर अजून काही घरांच्या खुंटीवर आहे. ते उतरवून वाचण्याचे काम आपल्या पिढीकडे आले आहे आणि त्यासाठी फार वर्षे हाती उरलेली नाहीत.